सहा विटा

हॅरोज मिल्स, मेन
९ ऑक्टोबर १९७९

एव्हिस,

‘प्रिय’ मुद्दाम गाळलं आहे. विसरले असं समजू नकोस.

तुझी ख्यालीखुशाली विचारायला हे पत्र नाही. आठ वर्षं विचारली नाही, म्हणून दोघींचंही काही अडलं नाही. काल खिळे आणायला दुकानात गेले होते, तिथे डेल्बर्ट भेटला. गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुख झाला तरी अजून तसाच बडबड्या आहे. त्यानं सांगितलं, की तुझ्या नवऱ्यानं लाकडं जाळायची बिडाची शेगडी आणली आहे आणि आपल्या आईच्या बैठकीत जी भिंतीतली शेकोटी आहे, तिच्या पोटात ढकलून बसवली आहे. कौतुकानं सांगत होता. तेल महागलंय, सगळं गाव शेगड्या घेतंय, आणि रॉइसनं म्हणे एका दुपारात काम उरकलं.

एका दुपारात. माझ्या ल्यूला त्याच कामाला चार दिवस लागले असते आणि पाचव्या दिवशी तो पुन्हा एकदा बघून गेला असता. पण ल्यू आता नाही, आणि तो होता तेव्हा तुम्ही त्याला कसं वागवलंत ते तुलाही आठवत असेल.

ही विद्या माझी नाही असं रॉइस म्हणेल. त्याला सांग, तीस वर्षं मी ल्यूच्या शिडीखाली उभी राहिले आहे. चुना कालवला, विटा वर पोचवल्या, लोकांच्या धुराड्यांत आरसा धरून आत बघितलं. माझ्या हातांना अजून त्या चुन्याच्या भेगा आहेत. हातांबद्दल तू एकदा बोलली होतीस, म्हणून सांगते.

आता नीट वाच. भिंतीतल्या शेकोटीचं धुराडं उघड्या जाळासाठी बांधलेलं असतं, भलंमोठं, वर दगडी तोंड असलेलं. शेगडीचा नळ जेमतेम वीतभर रुंद. रॉइसनं तो नळ शेकोटीच्या गळ्यातल्या झडपेतून हातभर वर सरकवला आणि सोडून दिला असणार, सगळे उतावळे तेच करतात. शेगडीतून धूर हळूहळू निघतो, त्या मोठ्या पोकळीत शिरला की गार होतो आणि भिंतींना काळं डांबर होऊन चिकटतो. थंडीच्या मध्यापर्यंत ते बोटभर जाड होतं. मग एक दिवस कोणीतरी कोरडी लाकडं भरभरून घालतं आणि ते डांबर आतल्या आत पेटतं. तो आवाज मी तीनदा ऐकला आहे. मालगाडी घरातून जाते आहे असं वाटतं.

म्हणून शेगडीपासून थेट धुराड्याच्या टोकापर्यंत एकच पोलादी नळा घालायचा, मध्ये कुठेही न तोडता. झडप काढून टाकायची आणि तिथला गळा पत्र्यानं पक्का बंद करायचा. वर टोपी. शेगडीच्या दारापुढे दीड फूट तरी विटांची जमीन, आणि शेकोटीवरची आईची लाकडी फळी जाळापासून लांब, नसेल तर तीही काढायची. त्या धुराड्याला दुसरं काहीही जोडायचं नाही. वर्षभर वाळलेलीच लाकडं. आधी आत आरसा घालून फटी बघायच्या आणि जुनी भोकं असतील तर तीही बघायची.

हे सगळं होईपर्यंत शेगडी पेटवू नका. आणि वरच्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत कुणाला झोपवू नकोस. ती खोली थंड असते.

व्हर्ना

२१ ऑक्टोबर

एव्हिस,

तुझं कार्ड मिळालं. जन्मभर या किनाऱ्यावर राहून तुला शेवंडाचं चित्र असलेलं, पर्यटकांना विकतात तसलं कार्ड घ्यावंसं वाटलं, यावरून मी माझी किंमत ओळखली.

तू लिहितेस, शेगडी झकास चालते. मी म्हणाले ती थंड खोली आता घरातली सगळ्यांत उबदार खोली झाली आहे, कारण धुराड्याची भिंत तिथून वर जाते आणि दिवसभर तापलेली असते. तुझ्या लेकीला, गेलला, जहाजांच्या कारखान्यात काम मिळालंय म्हणून तिची पोर कोरीन हिवाळाभर तुमच्याकडे राहणार आहे, आणि तिचा पलंग तू त्याच भिंतीला चिकटवून लावला आहेस. शेवटी लिहितेस, ‘तुला काळजी करायचं कारण नाही.’

कारण आहे का नाही हे तू मला सांगू नकोस. त्या पोरीला तिथून हलव. पूर्वेच्या खोलीत झोपव, तुमच्या खोलीत झोपव, स्वयंपाकघरात बाकावर झोपव. पाच वर्षांच्या मुलीला पलंग कुठेही चालतो.

तू विचारशील, का. मी लिहिलं ना, का ते. धुराडं असं वापरलं की पेटतं. अजून काय कारण हवं?

रॉइसला मी काही सांगितलं की तो काय म्हणणार ते मला पाठ आहे. १९७१ मध्ये त्याच खोलीत धुराचा वास येतो म्हणून तुम्हीच ल्यूला बोलावलंत. तेव्हा आपल्यात बोलणं होतं. ल्यू आला, खाली जाळ केला, वर जाऊन बसला, पुन्हा खाली आला. त्याचं मत पडलं, की वारा धूर उलटा ढकलतोय, म्हणून त्यानं धुराड्याचं तोंड वरून पुन्हा बांधलं. रॉइसनं त्याला भर उन्हात छपरावर उभं करून तीन तीनदा विचारलं, की त्या खोलीत पूर्वी एक छोटी शेगडी होती आणि तिच्या नळासाठी धुराड्याला भोक होतं, ते नीट बंद आहे ना? ल्यूनं कागदावर लिहून दिलं. ‘वरच्या खोलीतलं जुनं भोक विटांनी बंद आहे. तिथून धूर येणं शक्य नाही. ल्यू टिबेट्स.’

वास थांबला नाही. आणि मग रॉइसनं गावाच्या शनिवारच्या एकत्र जेवणाला, सगळ्यांसमोर, काळा पाव कापता कापता काय म्हटलं ते तुझ्या कानांनी तू ऐकलंस. ‘ल्यू टिबेट्स लोकांना भीती विकतो आणि वर सहीही करून देतो.’ लोक हसले. तूही हसलीस. मी तुझ्याकडेच बघत होते.

त्या हिवाळ्यात ल्यूला दोन घरांनी बोलावलं. दुसऱ्या हिवाळ्यात एकानं. तो पुन्हा कधी त्या जेवणाला गेला नाही, आणि चार वर्षांनी गेला तो त्याच फुप्फुसांपायी ज्यांत तुमच्यासारख्यांची काजळी भरली होती. तुम्ही दोघं चर्चमध्ये आलात, शेवटच्या बाकावर बसलात आणि कॉफी न घेता गेलात.

सोबत चित्र काढून पाठवते आहे. नळा कुठून कुठे जाईल, पत्रा कुठे बसेल, सगळं मापांसकट. रॉइसला माझं नाव न सांगता दाखव.

व्हर्ना

४ नोव्हेंबर, रविवार सकाळ

एव्हिस,

चित्र परत आलं. पाठीमागे रॉइसच्या अक्षरात, ‘या वेळी सहीसुद्धा करून दे.’ विनोद त्यानं आठ वर्षं जपून ठेवलाय, चांगलंच आहे.

हे पत्र पोस्टानं जाणार नाही. डेल्बर्ट चर्चमधून परस्पर तुमच्याकडे येणार आहे, त्याच्या हाती देते आहे. तो शेगडी बघायला येतो आहे, मी सांगितलं म्हणून. त्याला दार उघड.

काल शनिवारच्या जेवणाला तू तिकडच्या टोकाला आणि मी इकडच्या टोकाला, मध्ये बीन्सची भांडी आणि अर्धं गाव. ठीक होतं. मग तुझी कोरीन पाव मागत मागत टेबलाच्या कडेनं आली आणि मी कोण हे माहीत नसल्यानं माझ्याच शेजारी येऊन बसली. तुझ्या-माझ्या आईसारखी हनुवटी आहे तिची. मी तिच्या पावाला लोणी लावून दिलं. तिच्या केसांना धुराचा वास येत होता, एव्हिस. अंगणातल्या जाळाचा नाही. कोंडलेल्या धुराचा.

मी तिला विचारलं, कुठे झोपतेस. ती म्हणाली, गुलाबांच्या खोलीत. आणि आपणहून सांगायला लागली, की भिंतीवर एक जागा गरम असते, ती तिथे हातमोजे टेकवून वाळवते. तिथल्या भिंतीच्या कागदावरचा एक गुलाब आधी गुलाबी होता, आता तपकिरी झालाय. तिला वाटतं, तो पिकलाय.

मी उठून तुझ्याकडे आले ते एवढंच सांगायला, की पोरीला त्या खोलीत झोपवू नकोस. तू चमचा खाली ठेवलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, “ल्यू गेला, दुकान तू चालवतेस वाटतं अजून.”

मी घरी आले. रस्त्यातच डेल्बर्टला गाठून सांगितलं. तो म्हणाला, भिंतीवरचे जुने गुलाबी कागद तपकिरी होतातच, माझ्या आईकडेही झाले आहेत, पण उद्या जाऊन येतो. मी त्याला याहून जास्त काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. काल पोर पुन्हा त्याच भिंतीला टेकून झोपली असणार आणि मी इथे माझ्या अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडले होते.

डेल्बर्टला वरची खोली दाखव. खालची शेगडी बघून तो परत फिरला तर त्याला हाताला धरून वर ने.

व्हर्ना

४ नोव्हेंबर, दुपारचे दोन

एव्हिस,

डेल्बर्ट आत्ता इथून गेला. तो म्हणतो, नळा घालायला हवा हे खरं आहे, तो रॉइसला तसं बोललाही, रॉइस म्हणाला वसंतात बघू. मग डेल्बर्ट वर गेला. भिंतीचा कागद जरा रंगलेला दिसला त्याला, हात लावला तर भिंत गरम होती, पण धुराड्याची भिंत म्हटल्यावर गरम असणारच. त्यानं विचारलं, कागदामागे काही आहे का. तेव्हा रॉइस खाली गेला आणि कपाटातून ल्यूचा तो कागद घेऊन आला. आठ वर्षं ल्यूला लबाड ठरवायला जपलेला कागद. म्हणाला, “हे बघ, विटांनी बंद आहे. ल्यूची सही. व्हर्नाला नवऱ्याचा शब्द चालत नसेल तर मला सांग.” आणि डेल्बर्टनं तो वाचला, मान डोलावली आणि जिना उतरला. ल्यूच्या सहीवर या गावात अजून विश्वास आहे, बघ. तुझ्या नवऱ्याला सोडून सगळ्यांचा.

आता मला लिहावं लागणार आहे. मी हे वाक्य तीन कागदांवर लिहून फाडलं आहे.

ते भोक विटांनी बंद नाही.

ल्यूनं खोटं लिहिलं नाही. त्याला मी जे सांगितलं तेच त्यानं लिहिलं. १९४६ च्या जूनमध्ये, तुझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, आईला ती खोली पाहुण्यांसाठी हवी होती. भोकावर पत्र्याचं गोल झाकण होतं, त्यावर बर्फात चाललेल्या घोड्याच्या घसरगाडीचं चित्र, आठवतं? आईला ते नव्या गुलाबांच्या कागदावर दिसायला नको होतं. ल्यू भोक बुजवणार होता, पण त्याला धरणाच्या कामावर बोलावलं. मी म्हटलं, मी करते. सहा विटा पुरेशा होत्या. मी त्या जमिनीवर ओळीनं मांडल्या होत्या आणि चुना कालवला होता.

तू दारात आलीस, डोक्यावर लग्नाची जाळी घालून, कशी दिसते विचारायला. मी वळून हात लावायला गेले, तर तू मागे सरकलीस. म्हणालीस, “हात बघ तुझे, गवंड्याची बायको. फोटोत हातमोजे घाल हं, नाहीतर मागच्या रांगेत उभी राहा.” आणि हसलीस. तुला आठवतही नसेल.

मी चुना मागच्या अंगणात ओतून दिला. भोकात आठवडाभराची वर्तमानपत्रं कोंबली, घट्ट, वरून पत्र्याचं झाकण ठोकलं आणि त्यावर कागद चिकटवला. गुलाब इतके सरळ जुळवले की आईनं शेजारणींना बोलावून दाखवले. विटा मागच्या पायरीखाली ढकलल्या. मग हात धुतले. अर्धा तास धूत होते.

ल्यू आला तेव्हा त्यानं विचारलं, बुजवलंस? मी म्हटलं, हो. एवढंच. तेव्हा वाटलं, पुढच्या महिन्यात जाऊन गुपचूप करू. पुढच्या महिन्यात तू रॉइसला घेऊन त्याच घरात राहायला आली होतीस.

१९७१ मध्ये तुमच्या छपरावरून त्यानं खाली मला हाक मारून विचारलं, व्हर्ना, विटाच होत्या ना? रॉइस शेजारी उभा होता. मी हो म्हटलं. रॉइसला जो वास येत होता तो खरा होता. तो बरोबर होता. त्यानं ल्यूला लबाड म्हटलं, आणि लबाड खाली शिडी धरून उभी होती.

शेवटच्या आठवड्यात ल्यूला बोलायला दम पुरत नव्हता. तरी त्यानं विचारलं. “ते भोक. विटांनीच ना?” त्याला स्वतःचं कुठे चुकलं ते समजून घ्यायचं होतं, दुसरं काही नाही. मी म्हटलं, हो, विटांनीच, आता झोप. मी त्याला तसाच जाऊ दिला.

आठ वर्षं मी तुझ्यावर राग धरला. तो सगळा खोटा नव्हता, तू हसली होतीस. पण त्या रागाच्या मागे हे होतं, आणि ते लपवायला राग फार सोयीचा असतो.

आता काय करायचं ते ऐक. शेगडीत लाकूड घालू नका, एकही नाही. निखारे लोखंडी बादलीत काढून घरापासून लांब नेऊन ठेवा. पोरीला आणि तिच्या पलंगाला खोलीतून बाहेर काढ. मग सुरीनं तो तपकिरी गुलाब काप. रॉइसला सांग, ल्यूचा कागद खरा नाही, आणि का नाही तेही सांग.

मी हे स्वतः घेऊन येते आहे. तुमच्या ओसरीवर पाऊल ठेवायचं नाही असं रॉइसनं बजावलंय, म्हणून रस्त्यावरच्या टपालपेटीत टाकेन, पेटीचा छोटा झेंडा वर करेन आणि गाडीत बसून हॉर्न वाजवेन. तू बाहेर येईपर्यंत वाजवेन.

व्हर्ना

८ नोव्हेंबर

एव्हिस,

तू तिथे होतीस, तरी मी हे लिहून ठेवते आहे. कारण तू पुढे हे वेगळं सांगशील, आणि मी खोटं बोलण्यात तुझ्यापेक्षा तरबेज आहे हे आता दोघींनाही माहीत आहे.

तू एप्रनवर बाहेर आलीस, पत्र काढलंस, थंडीत उभ्यानं वाचलंस. शेवटचं पान दोनदा. माझ्याकडे न बघता आत गेलीस. मला वाटलं, संपलं. मग रॉइस बादली घेऊन मागच्या दारानं बाहेर आला, बादलीतून धूर निघत होता, आणि तो ती ओढ्यापर्यंत घेऊन गेला. धुराड्यावरचा धूर विरळ होत गेला. तासाभरानं वरची उत्तरेची खिडकी उघडली आणि तू डोकं बाहेर काढून म्हणालीस, “मला नाही जमत. वर ये आणि तूच काप.”

डेल्बर्टही आला तोवर, मी येतानाच त्याला गाठलं होतं. पलंग बाहेर होता, पोर शेजारी मार्जोरीकडे. मी कागद कापला. झाकणावरची घसरगाडी जळून काळी पडली होती, फक्त घोड्याचे कान उरले होते. झाकण अजून इतकं तापलेलं होतं की पक्कड लागली. आतली वर्तमानपत्रं, खोलीकडची बाजू अजून वाचता येत होती, तुझ्या लग्नाच्या आठवड्यातली. धुराड्याकडची बाजू हात लावताच राख झाली. आणि गिलाव्यामागची लाकडी पट्टी, ती जिथे तुझ्या नातीचं डोकं असायचं तिथून हातभर अंतरावर होती. डेल्बर्टनं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि काळा अंगठा आपल्याला दाखवला. 

रॉइस म्हणाला, “म्हणजे धूर इथूनच यायचा.”

मी म्हटलं, “हो.”

“मी सांगत होतो.”

“हो रॉइस. तू बरोबर होतास.”

मला वाटलं होतं, हे शब्द तोंडातून निघताना मी मरेन. मेले नाही. त्यानं माफी मागितली नाही, आणि ल्यूबद्दल जे बोलला ते परतही घेतलं नाही. मी त्याला माफी माग असं म्हटलंही नाही. तुमच्या घरात येऊन माझी काही मागायची लायकी नव्हती.

तू विचारलंस, “ल्यूला कधी सांगितलंस?”

“कधीच नाही.”

“मग मला कशाला सांगितलंस?”

मी दारातून बाहेर, आडव्या ठेवलेल्या त्या छोट्या पलंगाकडे बघितलं. तूही बघितलंस. मग तू म्हणालीस, की तू मला माफ करणार नाहीस, ना त्या भिंतीबद्दल, ना ल्यूबद्दल. मला बरं वाटलं. ल्यूबद्दल कोणीतरी माझ्यावर रागवायला हवं होतं, आजवर कोणी रागावलं नव्हतं.

मागच्या पायरीखाली विटा होत्या. सहाच्या सहा, मुंग्यांनी भरलेल्या, पण धड. भोकातली राख काढून मी त्या दुसऱ्या दिवशी बसवल्या, भिंतीच्या पूर्ण जाडीत, प्रत्येक सांधा दाबून. माझं मनगट आता कालवायला साथ देत नाही, म्हणून चुना तू कालवलास. मी हातमोजे पुढे केले तर तू घेतले नाहीस. म्हणून सांगते, आज तुझ्याही हातांना त्या भेगा पडून झोंबत असतील. आधी व्हिनेगरनं धू, मग चरबी लाव. साबण लावू नकोस, साबणानं आणखी फाटतात. मला हे तेहतीस वर्षं कोणी सांगायला नको होतं, तुला सांगावं लागतंय.

शेवटची वीट बसल्यावर रॉइस खाली गेला आणि ल्यूचा कागद घेऊन आला. माझ्यापुढे धरला. मी वाचला. ‘वरच्या खोलीतलं जुनं भोक विटांनी बंद आहे. तिथून धूर येणं शक्य नाही.’ आता ते खरं आहे. ल्यूचं प्रत्येक अक्षर खरं आहे, आठ वर्षं उशिरा. रॉइस म्हणाला, घेऊन जा. मी घेतला नाही. तो कागद तुमच्याकडेच राहू दे, ज्यांच्यासमोर तो खोटा ठरला त्यांच्या घरात. जिथे तुम्ही धुराड्याची साफसफाई लिहून ठेवाल तिथे टाचा.

नळा यायला दहा दिवस लागतील. डेल्बर्ट आणि रॉइस बसवतील, मी खालून बघेन, आणि चुकलं तर बोलेन. तोवर शेगडीत काडीही जाता कामा नये. पत्र्यानं गळा बंद करताना कडांना भट्टीचं सिमेंट लावा. कोरीनचा पलंग त्या भिंतीपासून लांबच राहील, विटा असल्या तरी. तिला सांग, गुलाब पिकला म्हणून काढला.

आता शेवटचं. सतरा तारखेला पुन्हा शनिवारचं जेवण आहे. मी तिथे उभी राहून सांगणार आहे. काय केलं, कधी केलं, आणि ल्यूला काय उत्तर दिलं, तिन्ही वेळा. लोकांनी बीन्स वाढून घेतले की लगेच उठेन, कारण नंतर उठायचं मला सुचणार नाही.

तू यावंस असं मी म्हणत नाही. तुला माझ्याबद्दल जे वाटतं ते वाटू दे, मलाही तुझ्याबद्दल फारसं बरं वाटत नाही. पण आलीस तर तिकडच्या टोकाला बसू नकोस. माझ्या बरोबर समोर बस आणि माझ्या तोंडाकडे बघत राहा. मला तू दिसली नाहीस, तर मी पुन्हा म्हणेन की विटाच होत्या.

व्हर्ना